बेचाळिसाव्या दिवशी आईलाही विचारा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण, महाराष्ट्र राज्य,
तसेच मा. आयुक्त, आरोग्य सेवा, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातले सर्व वरिष्ठ

विषय : बाळंतिणीची सुटणारी लघवी, खाली येणारं अंग (गर्भाशय वा योनीचा भाग) आणि आशाताईंच्या घरभेटीच्या फॉर्मवर नसलेला रकाना

सविनय नमस्कार.

विषयाच्या ओळीत 'लघवी' वाचून तुमच्या आवक-जावक टेबलावर कुणीतरी हसलं असेल. हसू द्या. माझ्याकडे येणाऱ्या बायकाही आधी हसतात. मग रडतात, मग कामाला लागतात.

मी फिजिओथेरपिस्ट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत गेली चौदा वर्षं बसते. पाटी साधी आहे : मान, कंबर, गुडघे, लकवा. सुरुवातीला मोठ्या हौसेनं 'पेल्विक फ्लोअर', म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, असंही रंगवून घेतलं होतं. एक आजोबा जिना चढून आले आणि म्हणाले, "फरशीचं काम पण करता व्हय?" ती ओळ पुसली.

अडचण तिथूनच सुरू होते. ज्या स्नायूंबद्दल मी लिहितेय त्यांना मराठीत चारचौघांत चालेल असं नाव नाही. पुस्तकी शब्द 'श्रोणितल', तो कुणी बोलत नाही. त्रासाला मात्र बायकांकडे भरपूर शब्द आहेत. "खोकलं की सुटते." "धार धरवत नाही." "अंग बाहेर येतं." "न्हाताना हाताला गोळा लागतो." "वारा सरतो, कळतच नाही." हे शब्द त्या एकमेकींत वापरतात, नळावर, शेताच्या बांधावर. डॉक्टरपुढे नाही.

माझ्याकडे बाई येते ती कंबर दुखते म्हणून. शेक घेते, व्यायाम शिकते, पुढची तारीख घेते. मग चपला घालता घालता, एक हात दाराच्या कडीवर ठेवून, पाठमोरीच म्हणते, "ताई, आणखी एक हुतं..." मी याला दारातली तक्रार म्हणते. आता दारातली तक्रार येईपर्यंत मी पुढचा पेशंट आत घेतच नाही. आली की परत बसवते, चहा मागवते आणि खरी तपासणी तेव्हा सुरू होते.

मी कुठल्या तोंडानं त्यांना नावं ठेवणार? माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तिच्या वेळी शेवटी ठोके उतरले म्हणून व्हॅक्यूम लावला, टाके पडले. सातव्या आठवड्यात जिना चढताना शिंक आली आणि सलवार ओली झाली. मी एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर शिक्षण, केलेली बाई, याच विषयावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेली. तरी आठ महिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. गडद रंगाच्या सलवारी शिवून घेतल्या. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी टाके पाहिले, बाळाचं वजन पाहिलं, "सगळं छान" म्हणाले. मी हळूच विषय काढला, तर म्हणाले, "नॉर्मल डिलिव्हरी झाली ना? मग एवढं चालायचंच." घरी सासूबाई जुन्या नऊवारीचा पट्टा करून पोट आवळून बांधायच्या, मायेनंच. मधोमध आवळलेल्या पिशवीतला भार खालीही उतरू शकतो हे मला ठाऊक होतं, आणि मी मुकाट बांधून घेत होते. शेवटी पुण्याच्या एका वर्गमैत्रिणीनं दटावून तपासलं आणि तीन महिने माझ्याकडून काम करून घेतलं. दुसऱ्यांना शिकवणारी मी, आणि हे स्नायू आवळताना माझाच अर्धा जोर मांड्यांत जात होता.

हे स्नायू म्हणजे एक झोळी आहे. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेली. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय, सगळे या झोळीत बसतात, आणि त्यांच्या तोंडाच्या वाटा याच झोळीतून खाली उतरतात. खोकला आला की पोटातला दाब एकदम वाढतो. तो खाली पोचायच्या आत झोळीनं वर उचलून वाटा आवळायच्या असतात. निरोगी बाईत हे तिच्या नकळत होतं. बाळंतपणात हीच झोळी बाळाच्या डोक्याएवढी ताणली जाते. काहींची पुन्हा आवळते, काहींची सैल राहते, काहींचा स्नायू हाडापासूनच सुटतो, विशेषतः चिमटा लावावा लागला असेल तर. वर वर्षानुवर्षांचं कुंथणं, चुलीच्या धुरानं लागलेला खोकला, डोक्यावरचं ओझं. आणि दिवसभर जायला जागा नाही म्हणून पाणीच न पिण्याची सवय, तिनं बद्धकोष्ठ आणखी घट्ट होतं.

स्नायू आहे म्हणजे तो शिकवता येतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू शिकवतोच ना आपण? अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ साली याच स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं. हल्ली रील्समध्ये 'रोज शंभर केगल' म्हणून जे फिरतं ते त्याच्या नावाचं. पण केगलनं दाब मोजणारं एक उपकरण तयार केलं होतं. बाई आत आवळायची आणि काटा हलतो का ते स्वतः बघायची. तो तपासायचा, चुकलं तर सुधारायचा, पुन्हा बोलवायचा. जगानं व्यायामाला त्याचं नाव ठेवलं आणि तपासणारा माणूस वगळून टाकला.

सगळी मेख इथेच आहे, म्हणून जरा थांबते. अमेरिकेत १९९१ साली ४७ बायकांना नुसतं तोंडी सांगून हे आकुंचन करायला लावलं आणि आतून दाब मोजला. जेमतेम निम्म्याजणींना ते नीट जमलं. साधारण चौथाई बायका उलट खाली कुंथत होत्या, म्हणजे ज्यानं त्रास वाढावा तेच मनोभावे करत होत्या. माझ्या टेबलावरही हेच दिसतं. "आत ओढा" म्हटलं की एक जण श्वास कोंडते, एक जण कुल्ले आवळते, एक जण भुवया उचलते. मी हातमोजा घालते, तिची परवानगी घेते आणि एका बोटानं पाहते. "वारा येतोय आणि शेजारी जाऊबाई बसल्यात, तो अडवा," असं म्हटलं की बहुतेकींना कळतं. बोटाला आत उचल जाणवते. तो क्षण तिलाही कळतो, चेहऱ्यावर दिसतो. "हे हाय व्हय ते!" मग सोडायलाही शिकवावं लागतं, कारण आवळून तसंच धरून बसणं हाही बिघाडच. योगवर्गाला जाणाऱ्या बायका सांगतात, आम्ही मूलबंध करतो, अश्विनी मुद्रा करतो. छान आहे. तरी एकदा तपासून घ्या, असं मी म्हणते. आणि काही जणींची झोळी आधीच दगडासारखी आवळलेली असते : नवं लग्न, संबंधात असह्य दुखणं, टॅम्पॉनचं तर नावच नको. त्यांना केगल सांगणं म्हणजे पेटक्यावर पेटका. त्यांना सैल करायला शिकवावं लागतं. छापील पत्रकाला हा फरक कळत नाही.

फायदा किती, हा तुमचा रास्त प्रश्न. जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात, खोकता-शिंकताना लघवी सुटणाऱ्या बायकांपैकी ज्यांना हा व्यायाम शिकवला त्यांच्यातल्या ५६ टक्के जणींनी बऱ्या झाल्याचं सांगितलं. ज्यांना शिकवला नाही त्यांच्यात ६ टक्के. ब्रिटनमधली 'नाइस' ही शासकीय संस्था २०१९ च्या सूचनांत सांगते की अशा बाईला ऑपरेशनकडे वळवायच्या आधी किमान तीन महिने, कुणाच्या तरी देखरेखीखाली, हे प्रशिक्षण द्या. मात्रा : दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचनं. अंग खाली येण्याच्या त्रासावर २०१४ मध्ये ४४७ बायकांची चाचणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. ज्यांना एकेकटीला बसवून शिकवलं त्यांचा त्रास कमी झाला. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतरच्या या सत्रांचा खर्च सरकारी विमा उचलतो, तिथे तो नवसही नाही आणि चैनही नाही.

सगळंच व्यायामानं होतं असं मी म्हणत नाही. अंग पूर्ण बाहेर आलेल्या सत्तरीच्या आजीला मी आकुंचनं मोजायला लावत नाही. तिला आधाराची रिंग बसवावी लागते, नाहीतर ऑपरेशन. पण त्या आजीनं पंचविसाव्या वर्षीच पहिला थेंब पाहिलेला असतो. मध्ये पंचेचाळीस वर्षं गेलेली असतात.

आता एक गोष्ट, जी माझ्या बाजूच्या अनेकांना आवडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या बाळंतपणानंतरच्या काळजीच्या शिफारशींत, लघवी किंवा शौच सुटू नये म्हणून प्रत्येक बाळंतिणीला सरसकट हा व्यायाम सुरू करायला लावू नका, असं म्हटलंय. तुमचे सल्लागार ही ओळ दाखवून माझं पत्र दप्तरी दाखल करतील, म्हणून मीच आधी सांगते. आणि मला ती पटतेसुद्धा. सरसकट म्हणजे काय होणार? एक रंगीत भित्तिपत्रक, त्यावर मान्यवरांचे फोटो, खाली आडव्या बाईचं चित्र, आणि चौथाई बायका उलट कुंथणार. मी सरसकट मागतच नाहीये. जिला त्रास आहे ती शोधा आणि तिला नीट शिकवा, एवढंच म्हणते. गरोदरपणाचं गणित मात्र वेगळं आहे. लघवी सुटत नसतानाच, पोटुशी असताना ज्यांनी हा व्यायाम सुरू केला त्यांच्यात शेवटच्या महिन्यांतला गळतीचा धोका ६२ टक्क्यांनी कमी दिसला, असं कॉक्रेनचाच २०२० चा आढावा सांगतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायका आपणहून दवाखान्यात येतात, तासन् तास बाकावर बसतात. त्या बाकावरचा वेळ फुकट जातो.

शोधायचं कसं? तुमच्याकडे जगाला हेवा वाटेल अशी यंत्रणा आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई सहा वेळा जाते : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. हातात काटा, थर्मामीटर आणि फॉर्म. मी माझ्या भागातल्या आशांबरोबर बसून तो फॉर्म वाचलाय. बाळाचं वजन, तापमान, दूध ओढतं का, बेंबी कशी आहे. आईसाठीही प्रश्न आहेत : दिवसातून किती वेळा पोटभर जेवलात, पॅड किती बदलले, ताप आहे का, दुर्गंधी येते का, स्तनाला चिरा पडल्यात का. चांगले प्रश्न आहेत, जीव वाचवणारे आहेत. पण लघवी सुटते का, हे माझ्या पाहण्यातल्या कुठल्याही फॉर्मवर नाही. ४२ व्या दिवशी आशाताई बाळाला जोखून झोळी गुंडाळते, आणि आईच्या झोळीचं काय झालं हे कुणाच्याच वहीत जात नाही.

या घरभेटी आल्या कुठून, हे तुम्हाला मी सांगायला नको. गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन दाखवली, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि २०११ पासून ती पद्धत देशभर गेली. पण त्याच गडचिरोलीतून, त्याच दांपत्याचा, त्याच नियतकालिकात दहा वर्षं आधी आणखी एक अभ्यास आला होता. १९८९. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा किमान एक तरी त्रास होता, आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास झोळीच्या स्नायूंबद्दल नव्हता, जंतुसंसर्ग, पाळीचे विकार असं बरंच त्यात होतं. पण त्याचं सांगणं एवढंच होतं की गावातली बाई दुखणं अंगावर काढते आणि तिला कुणी विचारत नाही. बाळाचा अभ्यास फॉर्म होऊन घरोघरी पोचला. आईचा अभ्यास आम्ही भाषणांत उद्धृत करतो.

न विचारण्याची किंमत काय असते ते आपल्या राज्यानं २०१९ मध्ये पाहिलंय. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण साधारण ३ टक्के होतं. कारणं अनेक होती : पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, कॅन्सरची घातलेली भीती, पाळीच्या दिवसांत पडणारा खाडा आणि मुकादमाचा दंड. सगळ्यांच्या मुळाशी सैल झोळी होती असं मी म्हणणार नाही. पण अंग खाली येतं, ओढ लागते, लघवी धरवत नाही म्हणून दवाखान्यात गेलेली आणि "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हे ऐकून आलेली बाई माझ्याकडे दर हंगामात येते. पिशवी काढल्यानं झोळी घट्ट होत नाही. आधाराची जागा मोकळी होते, आणि पुढे योनीचा वरचा भागच खाली येऊ शकतो. स्वीडनमधला २००७ चा मोठा अभ्यास सांगतो की गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढे लघवी सुटण्यावरच्या ऑपरेशनची गरज दुपटीहून जास्त पडली.

बीडनंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. उत्तम झालं. पण परवानगी नाकारलेल्या बाईचं दुखणं कुठं जातं? ती तेच ओलं लुगडं नेसून परत उसाच्या फडात जाते. एक वाट बंद केलीत, दुसरी उघडायची राहिली.

मागच्या हंगामातली एक बाई सांगते. नाव नाही सांगत. चौतिशीची, तीन बाळंतपणं, बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. खोकला महिनाभराचा, कारण राहत्या कोपीतच, म्हणजे झोपडीतच, चूल. दारातली तक्रार ही : मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढलं की लघवी सुटते, आणि संध्याकाळी खाली गोळा आल्यासारखं वाटतं. गावाकडच्या दवाखान्यात पिशवी काढायला सांगितलेलं. पुढच्या सालची आगाऊ उचल मिळाली की काढणार होती. तपासलं. थोडं खाली होतं, बाहेर नव्हतं. झोळीत ताकद होती, फक्त तिला वेळेवर उचलायची आठवण नव्हती. आधी मी तिला खोकल्यासाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, कारण खोकला थांबल्याशिवाय बाकी सगळं वाहत्या पाण्यावर बांध.

तिला रोज चटई टाकून व्यायाम कर म्हणणं म्हणजे थट्टा. पहाटे अंधारात फडात जाते, रात्री ट्रक भरते. म्हणून रविवारी मीच त्यांच्या तळावर गेले. उसाच्या वाढ्याची एक पेंडी घेतली, हलकी, आणि तिच्यावर शिकवलं. वाकताना श्वास घे. उचलायच्या आधी आत ओढ. ओढलेलं धरून, श्वास सोडत उठ. मोळी डोक्यावर स्थिर झाली की सैल सोड. आमच्या पुस्तकांत खोकण्याआधी आवळण्याच्या या युक्तीला 'नॅक' म्हणतात. तिनं तिला 'गाठ मारणं' म्हटलं. "आधी गाठ मारायची, मग वझं." बाकीच्या बायका पेंड्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, पोरं हसत होती, एक म्हातारी म्हणाली, "आमाला तवा कुणी सांगितलं न्हाई." तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेणाऱ्या बाईला ओझं उचलू नका हे सांगण्यात काही अर्थ नसतो. मी फक्त कसं उचलायचं ते सांगू शकते.

सातव्या आठवड्यात ती आली, या वेळी दारात नाही, आत येऊन बसली. "ताई, काल रातच्याला दोन ट्रक भरलं. एक थेंब न्हाई." पिशवीचं विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे की आता."

यात मशीन कुठंच नव्हतं. हातमोजे, एक बंद दार, आणि शिकवणारी बाई. तुमच्याकडे मागतेय ते एवढंच आहे. ४२ व्या दिवशीच्या भेटीत, आणि पुढे तीन ते पंधरा महिन्यांच्या घरभेटींतही, आईला चार गोष्टी तिच्या भाषेत विचारा : खोकताना, शिंकताना, ओझं उचलताना लघवी सुटते का, घाई झाली की पोचेपर्यंत धरवते का, खाली गोळा आल्यासारखं किंवा ओढ लागल्यासारखं वाटतं का, वारा किंवा शौच धरवत नाही असं होतं का. 'हो' आलं तर उपकेंद्रातल्या सीएचओकडे (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे), तिथून ग्रामीण रुग्णालयात. आशांच्या डोक्यावर आधीच किती कामं आहेत हे २०२३ च्या संपात त्यांनी रस्त्यावर बसून सांगितलंय, तेव्हा हे काम फुकटात लादू नका, त्याचा मोबदला वेगळा द्या. मुख्य म्हणजे, पुढे शिकवणारं कुणी नसेल तर प्रश्न विचारूच नका. विचारून हात वर करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

आणि शिकवणारे आहेत. मुंबईच्या केईएममध्ये पन्नासच्या दशकात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, आज राज्यभर कॉलेजं आहेत, दर वर्षी पोरी पास होऊन बाहेर पडतात आणि बऱ्याचजणी परदेशाच्या परीक्षांना बसतात. जिल्हा रुग्णालयांत फिजिओ नेमलेले असतात, ज्येष्ठांच्या कार्यक्रमात, लहान मुलांच्या लवकर निदानाच्या केंद्रात. त्यांतल्या महिला फिजिओंना या विषयाचं नीट प्रशिक्षण द्या आणि आठवड्यातून एक दिवस ग्रामीण रुग्णालयात बसवा. खोलीला दार हवं. पडदा नाही, दार, आतून कडी असलेलं. आमच्या नावापुढे 'डॉ.' लावावं की नाही यावर गेल्या काही वर्षांत जेवढा कागद खर्च झाला त्यातल्या थोड्या कागदात ही वेळापत्रकं बसली असती. हो, हा टोमणा आमच्या लोकांनाही आहे.

पुरुषांबद्दल मी मुद्दाम कमी लिहिलं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी सुटणारे काका माझ्याकडे येतात, त्यांनाही हेच स्नायू शिकवते. फरक इतकाच की त्यांना त्यांच्या सर्जननी चिठ्ठी देऊन पाठवलेलं असतं.

त्या ऊसतोड बाईचं पुढं काय झालं, ते सांगून थांबते. बारा आठवडे पुरे व्हायच्या आत कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि टोळी गावाला निघाली. तिला पुढचे पाच आठवडे कुणीतरी बघायला हवं होतं. मी तिच्या गावच्या उपकेंद्राचा नंबर मिळवला आणि फोन केला. पलीकडची मुलगी चांगली होती, तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, करते मी, पण याची नोंद कुठं करू? पोर्टलवर असा रकाना नाही."

तिला काय सांगू, ते कळवावं.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
कोल्हापूर जिल्हा